साक्याचा आंबा ओळखणारे यंत्र आणि पेटंटचा मोडलेला सौदा

कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत छोटी कार्यशाळा चालवणाऱ्या एका तरुण अभियंत्याने मला दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. हापूस न कापता त्यातला साका, म्हणजे गर आतून पांढरट आणि स्पंजासारखा होण्याचा दोष, ओळखणारे यंत्र त्यांनी तयार केले आहे. पट्ट्यावरून जाणाऱ्या फळातून अवरक्त प्रकाश सोडायचा, पलीकडे पोचलेल्या प्रकाशाची नोंद घ्यायची, त्या नोंदीवरून फळ आतून चांगले की साक्याचे हे आज्ञावलीने (सॉफ्टवेअरने) ठरवायचे आणि साक्याचे फळ झडपेने बाजूला काढायचे, अशी त्याची रचना आहे. गेल्या हंगामात दोन बागायतदारांच्या पॅकिंग शेडमध्ये त्यांनी ते चालवून पाहिले आणि त्याची चित्रफीत एका व्हॉट्सॲप गटावर टाकली. याला पेटंट मिळेल का, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा असा की मोठ्या कंपन्या जगभर पेटंटचा उपयोग इतरांची वाट अडवण्यासाठीच करत असतील, तर निदान संगणकीय तंत्रज्ञानापुरती ही पद्धत बंदच का करू नये.

मी चोवीस वर्षे रत्नागिरीत राहून पेटंट एजंट म्हणून काम करतो. काजू फोडणारी, नारळ सोलणारी, फणसाचे गरे वेगळे करणारी, मासळी वाळवणारी यंत्रे घेऊन लोक माझ्याकडे येतात; अलीकडे महाविद्यालयांतून आज्ञावल्याही येऊ लागल्या आहेत. मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पेटंट कशासाठी असते हे स्पष्ट झाले की पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

पद्धत बंद करावी असे मला वाटत नाही. पेटंट म्हणजे शोधक आणि समाज यांच्यातला सौदा आहे. शोधकाने आपली युक्ती लपवायची नाही. त्या कामातला जाणकार माणूस वाचून ती स्वतः करू शकेल इतक्या तपशिलाने ती लिहून द्यायची आणि त्याबदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे इतरांना मनाई करण्याचा हक्क घ्यायचा. मुदत संपली की युक्ती सर्वांची होते. १९७० च्या पेटंट अधिनियमातील कलम १० (४) शोधकाकडून केवळ पूर्ण वर्णन मागून थांबत नाही, तर त्याला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धतही उघड करायला सांगते. या अटीचे मोल कोकणात समजावून सांगावे लागू नये. आपल्या किनाऱ्यावर गलबते बांधणाऱ्या सुतारांची मापे बापाकडून मुलाकडे तोंडी गेली, आणि जिथे मुलगा मुंबईला गेला तिथे ती बापाबरोबर संपली. कसब गुप्त राहिले म्हणून त्या घरांना फार काळ फायदा झाला नाही, आणि समाजाचे नुकसान मात्र कायमचे झाले.

माझा आक्षेप असा आहे की या सौद्यातली मक्तेदारीची बाजू चोख पाळली जाते आणि उघड करण्याची बाजू पाळली जात नाही. सुधारणा हवी ती नेमकी इथे. संगणकीय तंत्रज्ञानात हा दोष सर्वांत ठळक दिसतो म्हणून त्या क्षेत्राविषयी इतका राग आहे, आणि तो राग मला समजतो.

औषधाचे पेटंट बहुधा एका ठरावीक रेणूभोवती असते. रेणूची रचना कागदावर काढून दाखवता येते, त्यामुळे कुंपण कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे दोन्ही बाजूंना दिसते. आज्ञावलीच्या पेटंटमध्ये पुष्कळदा साधन सांगितलेलेच नसते, फक्त परिणामावर दावा केलेला असतो. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनला एका टिचकीत खरेदी पूर्ण करण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. ग्राहकाचा पत्ता आणि पैसे देण्याची माहिती आधी साठवून ठेवली की पुन्हा विचारावी लागत नाही, हे त्यातले सार. त्याच वर्षी ॲमेझॉनने बार्न्स अँड नोबल या पुस्तक विक्रेत्या कंपनीवर दावा लावला आणि नाताळच्या खरेदीच्या ऐन दिवसांत मनाई हुकूमही मिळवला. तो २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केला. हे पेटंट वाचून कोणत्या जाणकाराला नवे काही शिकायला मिळाले असेल असे मला वाटत नाही. समाजाने मक्तेदारी दिली आणि मोबदल्यात त्याला ज्ञान मिळाले नाही.

पेटंटमधल्या संदिग्ध दाव्यांचा, म्हणजे कशावर हक्क हवा हे सांगणाऱ्या विधानांचा, दुसरा परिणाम असा होतो की स्वतः काहीही न बनवणारी कंपनीसुद्धा त्यांवर पैसे वसूल करू शकते. ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कॅनडातील कंपनीने २००६ मध्ये एनटीपी नावाच्या अशा कंपनीला ६१.२५ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला, आणि तेव्हा ती पेटंटे टिकतात की नाही याची फेरतपासणी अमेरिकी पेटंट कार्यालयात चालूच होती. फेरतपासणीचा निकाल येईपर्यंत धंदा बंद पडू द्यायचा की पैसे द्यायचे, असा तो पेच होता. पुढे २०११ च्या अमेरिका इन्व्हेंट्स ॲक्टने मंजूर पेटंटला कार्यालयातच आव्हान देण्याचा तुलनेने स्वस्त मार्ग आणला, २०१४ मध्ये ॲलिस खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अमूर्त कल्पना केवळ संगणकावर चालवल्याने पेटंटयोग्य होत नाही असे सांगितले, आणि २०१७ मध्ये पेटंटधारकांना सोयीच्या अशा टेक्सासमधील न्यायालयात खटले गोळा करण्यालाही आळा बसला. त्यातून परिस्थिती सुधारली. पण तोवर एका पिढीच्या मनात पेटंट म्हणजे खंडणी हे समीकरण पक्के झाले होते.

मग आपण भारतापुरती आज्ञावल्यांच्या पेटंटची मुदत पाच वर्षे का करू नये, असे मला अनेक जण विचारतात. तसे करता येत नाही. जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार १ जानेवारी १९९५ पासून लागू आहे. तो किमान २० वर्षांची मुदत मागतो आणि तंत्रज्ञानाच्या शाखांमध्ये भेदभाव करू देत नाही. पेटंट कशाला द्यायचे आणि किती कसून तपासून द्यायचे, याबाबत मात्र तो बरीच मोकळीक ठेवतो, आणि भारताने ही मोकळीक शहाणपणाने वापरली आहे. कलम ३ (के) नुसार निव्वळ संगणकीय आज्ञावली, गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. २००४ च्या अध्यादेशाने ही तरतूद सैल केली होती, पण २००५ चा दुरुस्ती कायदा करताना संसदेने ते शब्द स्वीकारले नाहीत. त्यानंतर फरीद अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की संगणकाचा वापर आहे एवढ्यावरून शोध बाद करू नये, त्याचा तांत्रिक परिणाम पाहावा. मला ही रेषा योग्य वाटते. तिच्या दोन्ही बाजूंना गैरवापर होतो हेही खरे आहे. काही अर्जदार आज्ञावलीभोवती नावापुरता प्रोसेसर आणि स्मृतिकोश चिकटवतात, तर पेटंट कार्यालयात अर्ज तपासणारे काही परीक्षक संगणक हा शब्द दिसताच आक्षेप छापून मोकळे होतात. २०२३-२४ या एका वर्षात भारतात एक लाखाहून अधिक पेटंटे मंजूर झाली. ही संख्या अभिमानाने सांगितली जाते, पण एका अर्जाला परीक्षकाचे किती तास मिळाले हा आकडा तिच्या शेजारी छापला जावा अशी माझी मागणी आहे. घाईत दिलेल्या पेटंटची किंमत परीक्षक मोजत नाही. ती पुढे एखादा लहान कारखानदार मोजतो.

आपल्या कायद्यातली सर्वांत लोकाभिमुख तरतूद म्हणजे कलम २५ (१). अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून मंजूर होईपर्यंत कोणीही त्याला विरोध नोंदवू शकतो. त्यासाठी त्या धंद्यात असण्याची गरज नाही. क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाच्या पेटंटला मुदतवाढ मिळवून देणारा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नामंजूर केला, तो नंदिता वेंकटेशन आणि फुमेझा टिझिले या क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांनी नोंदवलेल्या विरोधावरून. याच कलमाच्या पोटात स्थानिक समाजाचे तोंडी ज्ञानही विरोधाचे कारण म्हणून मान्य केलेले आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले, तेव्हा मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेला ते रद्द करवण्यासाठी छापील पुरावे शोधावे लागले, कारण परदेशातले तोंडी ज्ञान तिथल्या तेव्हाच्या कायद्यात मोजले जात नव्हते. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. उद्या कोकमाच्या सालीचा किंवा बिब्ब्याचा आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेला उपयोग कोणी भारतात स्वतःच्या नावावर करू पाहिला, तर वेंगुर्ल्याच्या आजीची साक्षही कायद्याच्या दृष्टीने पुरावा ठरू शकते.

म्हणूनच २०२४ च्या नियमदुरुस्तीने मी व्यथित झालो. मंजुरीपूर्व विरोध तोवर विनाशुल्क होता. आता त्याला शुल्क आहे, आणि तो ऐकण्याजोगा आहे का हे पेटंट कार्यालयाचा नियंत्रक आधी ठरवतो. खोडसाळ विरोध थांबवण्याचा हेतू मला मान्य आहे, पण त्याचा भार रुग्णसंघटना आणि शेतकरी यांच्यावरही पडतो. त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट सैल केली. पेटंटधारक आपले पेटंट भारतात खरोखर वापरतो की नुसते अडवून ठेवतो, याचे निवेदन नमुना २७ मध्ये दरवर्षी द्यावे लागे. ते आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचे आहे. या निवेदनाला कारकुनी समजणाऱ्यांनी २०१२ चे नॅटको आणि बायर या औषध कंपन्यांचे प्रकरण आठवावे. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील ज्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपये होता, ते ८,८८० रुपयांत विकण्याचा सक्तीचा, म्हणजे पेटंटधारक बायरच्या संमतीशिवायचा, परवाना नियंत्रकांनी नॅटकोला दिला, आणि औषध किती रुग्णांपर्यंत पोचले हे ठरवताना बायरने याच नमुन्यात दिलेले आकडे उपयोगी पडले. हे निवेदनही उघड करण्याच्या सौद्याचाच भाग आहे. ते पुन्हा वार्षिक व्हावे, आणि संगणकीय पेटंटांच्या बाबतीत कोणत्या उत्पादनात कोणता दावा वापरला आहे हे नेमके सांगण्याची सक्ती असावी.

आता आपल्या भागातल्या माणसाला सर्वाधिक नडणारी गोष्ट सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी देवगड तालुक्यातून एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. काजू बीचा आकार समजून घेऊन पात्यांमधले अंतर आपोआप बदलणारे फोडणी यंत्र त्यांनी बनवले होते, आणि त्यात गर तुटण्याचे प्रमाण खरोखर कमी होते. अडचण अशी की चार महिने आधी एका कृषी मेळाव्यात त्यांनी ते उघडून, पाती हातात घेऊन लोकांना समजावले होते, आणि एका वृत्तपत्राने आकृतीसह बातमी दिली होती. मेळाव्याच्या आयोजकांनी त्यांना प्रशस्तिपत्र दिले, पण आधी अर्ज करा असे कोणी सांगितले नाही. कलम ३१ प्रदर्शनातील प्रकटनाला १२ महिन्यांची सवलत देते, परंतु ते प्रदर्शन केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेले असावे लागते, आणि तालुक्याचा मेळावा तसा नसतो. मला त्यांना परत पाठवावे लागले. पुढच्या दोन हंगामांत तसल्याच रचनेची यंत्रे बाहेरच्या कारखान्यांतून आपल्याकडे विकायला आली. अमेरिका आणि जपान शोधकाने स्वतः केलेल्या प्रकटनाला एक वर्षाची सरसकट सवलत देतात. ती आपल्याकडे यावी, कारण मोठ्या कंपनीला सल्लागार असतात आणि तिला या सवलतीची गरज फारशी पडत नाही. गरज पडते ती आपली वस्तू आनंदाने शेजाऱ्याला दाखवणाऱ्या माणसाला.

दुसरी उणीव छोट्या शोधांच्या संरक्षणाची आहे. झेल्याची, म्हणजे आंबे उतरवायच्या काठीची, जाळी किंवा पाते फांदीला नख न लागता फळ देठासह कापेल असे वळवणे, ही उपयुक्त सुधारणा आहे, पण पेटंटला लागणाऱ्या कल्पकतेच्या कसोटीवर ती बहुधा टिकत नाही. जर्मनीत अशा सुधारणांसाठी १८९१ पासून वेगळा, कमी मुदतीचा हक्क आहे. चीनमध्येही तो दहा वर्षांचा आहे. भारत सरकारने २०११ मध्ये यावर चर्चापत्र काढले, पुढे कायदा झाला नाही. असा हक्क तपासणीशिवाय दिला तर कचऱ्याचे ढीग साठतात हा चीनचा अनुभव विसरू नये. म्हणून तो फक्त प्रत्यक्ष वस्तूंना, सहा-सात वर्षांसाठी द्यावा, आज्ञावल्यांना मुळीच देऊ नये, आणि खटला लावण्यापूर्वी ती युक्ती आधीपासून कुठे माहीत होती का, याची झडती कार्यालयाकडून करून घेणे बंधनकारक असावे.

ज्या सुधारणेविषयी मी कोणाला बोलताना ऐकत नाही, ती भाषेची. पेटंटचा अर्ज आणि तपशीलपत्र, म्हणजे शोधाचे लेखी वर्णन, हिंदीत किंवा इंग्रजीत द्यावे लागते. समाजाशी सौदा झाला, युक्ती उघड झाली असे कायदा म्हणतो, पण चिपळूणच्या लेथवर काम करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने ती उघड झालेलीच नसते. युरोपीय पेटंट मंजूर होताना दावे इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तीन भाषांत प्रसिद्ध करावे लागतात. आपल्याकडे निदान मुदत संपलेल्या किंवा नूतनीकरण शुल्क न भरल्याने पडलेल्या पेटंटांचे सारांश आणि आकृत्यांवरील मजकूर मराठीसह भारतीय भाषांत कार्यालयाने द्यावेत. ती युक्ती आता कोणाचीही आहे. ज्याने ती वापरायची त्याला ती वाचता आली पाहिजे. माझ्या कार्यालयात मी काजू, नारळ आणि मासळी यांसंबंधीच्या अशा सुमारे चाळीस पेटंटांचे मराठी गोषवारे हाताने करून ठेवले आहेत, आणि अर्ज करायला आलेल्या माणसांपेक्षा ते वाचायला येणारी माणसे आता जास्त आहेत. परदेशात घेतलेले पण भारतात कधीच न मागितलेले पेटंटही इथे कोणाला अडवू शकत नाही, हे त्यांना प्रथमच कळते.

आता तुमच्या यंत्राकडे वळतो. निव्वळ आज्ञावली म्हणून मागितले तर पेटंट मिळणार नाही. मात्र प्रकाशस्रोत, संवेदक, पट्टा, झडप आणि या सर्वांना चालवणारे नियंत्रण अशी एक यंत्रणा म्हणून मागितले, आणि तिच्यामुळे फळ न कापता साका वेगळा काढता येतो हा तांत्रिक परिणाम दाखवला, तर कलम ३ (के) आड येऊ नये. खरी कसोटी नावीन्याची आणि कल्पकतेची असेल, कारण फळांच्या अंतर्भागाची परीक्षा अवरक्त प्रकाशाने करण्यावर जगात बरेच काम आधीच झाले आहे. तुमचे वेगळेपण हापूसची साल, कोय आणि साक्याचा पोत यांच्यासाठी केलेल्या जुळवणीत असेल, तर दावा तेवढाच आखूड ठेवा. आखूड दावा टिकतो. तरंगलांबी, स्रोत आणि फळ यांतील अंतर, पट्ट्याचा वेग, किती फळे कापून आज्ञावली शिकवली आणि कोणत्या मर्यादेवर झडप उघडते, हे सर्व लिहा. यातले अर्धे लपवा असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका, कारण अपुरे वर्णन हे कलम ६४ खाली पेटंट रद्द होण्याचे स्वतंत्र कारण आहे.

पॅकिंग शेडमधील चाचणीबाबत कलम ३२ तुम्हाला आधार देते. वाजवी चाचणीसाठी, आणि शोधाचे स्वरूपच तसे असल्यामुळे लोकांसमोर वापर करणे आवश्यक असेल, तर अर्जापूर्वीच्या एका वर्षातला तो वापर आड येत नाही. हापूसची चाचणी हंगामातच आणि शेडमध्येच होऊ शकते हे सांगणे अवघड नाही. चित्रफितीची मला अधिक काळजी वाटते. तिच्यात यंत्राच्या आतली रचना दिसते की नुसता पट्टा आणि बाहेर पडणारी फळे दिसतात, यावर बरेच अवलंबून आहे. गटात कोण होते, कोणत्या तारखेला टाकली, पुढे कोणी पाठवली का, हे आजच लिहून काढा आणि यापुढे काहीही टाकू नका. दोन्ही बागायतदारांकडून चाचणीपुरताच वापर झाल्याचे साधे पत्र घ्या.

पेटंट मिळाले तरी ते राखणे वेगळे काम आहे. उल्लंघनाचा खटला ओरोसच्या (सिंधुदुर्ग) जिल्हा न्यायालयात लावता येतो, पण समोरच्याने पेटंटच रद्द करण्याची प्रतिमागणी केली की कलम १०४ नुसार प्रकरण उच्च न्यायालयात जाते, आणि लहान माणूस बहुधा तिथेच थकतो. त्यामुळे मनाई करण्यापेक्षा परवाना देण्याच्या तयारीने पुढे जा. दोन-तीन यंत्र उत्पादकांना माफक स्वामित्वधनावर परवाना दिला तर एका हंगामात तुम्ही एकटे बनवाल त्याहून जास्त यंत्रे बागांत पोचतील.

तात्पुरत्या तपशीलपत्रासह पहिला अर्ज व्यक्तीच्या नावे ऑनलाइन केला तर सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे आणि पूर्ण तपशीलपत्रासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. परीक्षणाची विनंती अग्रक्रमाच्या, म्हणजे इथे पहिल्या अर्जाच्या, तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करायची असते. तिचे व्यक्तीसाठीचे शुल्क ४,००० रुपये आहे. हा पहिला अर्ज मोहोर धरण्यापूर्वी करा, म्हणजे येत्या हंगामात यंत्र चार शेडमध्ये मोकळेपणाने चालवता येईल आणि त्या नोंदी पूर्ण तपशीलपत्रात घालता येतील. येताना यंत्राच्या हाताने काढलेल्या आकृत्या, कापलेल्या फळांच्या नोंदींची वही आणि ती चित्रफीत, एवढे घेऊन या.